३३०० जीबीला अनलिमिटेड म्हणणं आधी थांबवा

मे महिन्यातला शुक्रवार होता, रात्रीचे साडेअकरा वाजले असतील, मी झोपायच्या तयारीत होतो आणि आतल्या खोलीतून धाकट्याची हाक आली, दादा जरा राउटर बघ ना, अपलोड हलतच नाहीये. राउटरचे सगळे दिवे हिरवे. वायर नीट. बंद करून चालू केला, पाच मिनिटं थांबलो, तरी तेच. मग स्पीड टेस्ट लावली तर आकडा एकच्या पुढे जाईना. आमचा प्लॅन शंभर एमबीपीएसचा आहे आणि त्याच्या नावातच अनलिमिटेड आहे, म्हणून मला वाटलं कुठेतरी फायबर तुटलं असणार, तशी कंप्लेंट टाकायला फोन लावला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर तुमचा एफयूपी संपलाय, पुढची सायकल सुरू झाली की स्पीड परत येईल." एफयूपी म्हणजे फेअर युसेज पॉलिसी, महिन्याला ठरलेले जीबी, आमच्या प्लॅनला ३३००, तेवढे संपेपर्यंतच पूर्ण स्पीड. मी म्हटलं अहो पण प्लॅन अनलिमिटेड आहे ना. तर ती म्हणाली, "हो सर, अनलिमिटेडच आहे, नेट बंद नाही झालेलं, फक्त स्पीड कमी झालाय."

त्या मुलीचा यात काही दोष नाही, तिला जे लिहून दिलंय ते ती बोलते, रात्रीच्या शिफ्टला बसून लोकांच्या शिव्या खाते. पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून गेलं नाही.

भावाचं काम काय ते सांगतो म्हणजे हिशोब कळेल. तो लग्नाचं शूटिंग करतो. तीन कॅमेरे, सगळे फोर-के, आणि त्याच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग १०० एमबीपीएसला होतं म्हणजे एका तासाचं फुटेज ४५ जीबी. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक कॅमेरा साधारण सहा तास चालला तर १८ तासांचं फुटेज, ८१० जीबी. त्यातलं नको ते काढून सहाशे जीबी तरी वर चढवावं लागतं कारण एडिटिंग करणारा मुलगा कोल्हापूरला बसतो, आम्ही चिंचवडला. तेरा-चौदा तास लागतात, संध्याकाळी लावून ठेवलं की सकाळी झालेलं असतं. मे महिन्यात बावीस तारखेपर्यंत अशी चार लग्नं झाली होती, शिवाय घरात आईच्या मालिका, मुलाचं गेमिंग (एकेक गेम शंभर जीबीच्या वर जातो आणि वर अपडेट), दोघांचं ऑफिसचं काम. महिना संपायच्या आधी ३३०० जीबी संपले. अपलोड आणि डाउनलोड दोन्ही त्यातच मोजतात हे मला माहीत होतं, भावाला नव्हतं, आणि त्याच्यासारख्या बहुतेकांना नसतं.

आता त्या रात्रीचा प्रश्न असा होता की रविवारी चौथ्या लग्नातल्या जोडप्याचं रिसेप्शन, स्टेजमागच्या स्क्रीनवर लग्नाचा चार मिनिटांचा व्हिडिओ दाखवायचा ठरलेला, मुलीकडच्यांनी त्याचे पैसे आगाऊ दिलेले, आणि शेवटचं ४५ जीबी फुटेज जायचं बाकी. एक एमबीपीएसने ४५ जीबी जायला किती वेळ लागतो ते कागदावर मांडून बघितलं, शंभर तास. चार दिवसांच्याही वर. भावाने एक टीबीची (म्हणजे हजार जीबीची) हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळली, सॅकमध्ये घातली आणि पहाटे स्वारगेटवरून कोल्हापूरची एसटी पकडली. दुपारच्या आत फुटेज एडिटरच्या हातात होतं. काम झालं, पण माणूस दोन रात्री झोपला नाही, आणि त्याची बायको घरी वेगळ्या काळजीत, कारण मुलीकडच्यांचे फोन तिलाच येत होते.

हे सगळं सांगितलं म्हणून मी काही कंपन्यांच्या विरोधात उठलेला माणूस आहे असं समजू नका. मी स्वतः सहा वर्षं एका छोट्या इंटरनेटवाल्याकडे काम केलंय, खांबावर चढून फायबर ओढलंय, पावसात स्प्लायसिंग मशीनवर छत्री धरून जोड मारलेत. लाइन उभी करायला काय खर्च येतो आणि संध्याकाळी आठनंतर लोकांचे फोन का सुरू होतात ते मला माहितीये. त्यामुळे मर्यादा असूच नये असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मर्यादा असेल तर त्या प्लॅनला अनलिमिटेड म्हणू नका, आकडा सांगा आणि किमतीच्या शेजारी, किमतीएवढ्याच अक्षरात सांगा.

आपल्याकडे खरोखर अमर्याद असलेली गोष्ट कशी असते ते एसटीने कधीच दाखवून दिलंय. आवडेल तेथे प्रवास म्हणून पास मिळतो, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा. मर्यादा आहे, पण ती दिवसांची आहे आणि ती पासाच्या पहिल्या ओळीत आहे. त्या चार दिवसांत तुम्ही किती किलोमीटर फिरता, किती गाड्या बदलता याचा हिशोब कुणी ठेवत नाही, कंडक्टर तिसऱ्या दिवशी येऊन तुमचे किलोमीटर जास्त झाले आता पुढचा प्रवास बैलगाडीच्या वेगाने असं म्हणत नाही. पास विकताना जे बोलले ते शेवटच्या दिवशीही खरं असतं. इंटरनेटच्या बाबतीत हेच का जमू नये?

थोडं मागे जाऊ. ज्यांनी बीएसएनएलचं पहिलं ब्रॉडबँड वापरलंय त्यांना आठवेल, महिन्याचा डेटा जेमतेम असायचा आणि रात्री दोन ते सकाळी आठ मात्र फुकट, कितीही वापरा. आमच्या गल्लीतली पोरं दोनचा अलार्म लावून उठायची आणि डाउनलोड लावून परत झोपायची. त्या स्कीममध्ये एक प्रामाणिकपणा होता, दिवसा मोजतोय हे सांगितलेलं आणि रात्री मोजत नाही हेही सांगितलेलं, आणि दोन्ही खरं. त्यानंतर एफयूपीवाले प्लॅन आले आणि अनलिमिटेड शब्दाचा अर्थ तिथून बदलला. थोडे जीबी चांगल्या स्पीडने आणि नंतर इतकं स्लो की मेल उघडताना गोल गोल फिरत राहायचं. लोकांनी खूप ओरडा केला, शेवटी ट्रायने, म्हणजे टेलिफोन-इंटरनेट कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, २०१२ मध्ये एक आणि ३१ ऑक्टोबर २०१६ ला दुसरा निर्देश काढला. त्या दुसऱ्यात सांगितलं की मर्यादा किती, त्याआधी स्पीड किती, त्यानंतर किती हे ग्राहकाला स्पष्ट सांगा, वापर वाढत गेला की अलर्ट पाठवा, आणि मर्यादा संपल्यावरही घरगुती लाइनचा स्पीड ५१२ केबीपीएसच्या (साधारण अर्ध्या एमबीपीएसच्या) खाली नेऊ नका.

मग जिओफायबर आलं. सप्टेंबर २०१९ ला आलं तेव्हा ६९९ रुपयांच्या सगळ्यात खालच्या प्लॅनला १०० जीबी, सुरुवातीचे पन्नास वरून जास्तीचे. बरोबर एका वर्षाने, सप्टेंबर २०२० ला, ३९९ पासून सुरू होणारे प्लॅन आले आणि ते अनलिमिटेड म्हणून आले आणि आत ३३०० जीबी. पुढे बाकीच्या मोठ्या कंपन्याही याच आकड्याच्या आसपास येऊन थांबल्या. १०० वरून ३३०० हा फार मोठा फायदा झाला, तो नाकारणारा माणूस खोटं बोलेल, लॉकडाउनमध्ये कित्येक मुलांच्या शाळा त्या स्वस्त लाइनवर चालल्या. बीएसएनएलच्या फायबर प्लॅनच्या तक्त्यात तर ३३०० जीबीपर्यंत इतका स्पीड आणि पुढे इतका असं सरळ लिहिलेलं असतं, मला ती पद्धत पटते. माझा राग आकड्यावर कमी आणि लपवण्यावर जास्त आहे.

पण आकड्याचंही बघूच, कारण त्यात एक गोष्ट दडलेली आहे जी कुणी सांगत नाही. ३० एमबीपीएसची लाइन पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालवली तर दिवसाला ३२४ जीबी होतात, म्हणजे ३३०० जीबी संपायला दहा दिवस. १०० एमबीपीएसची लाइन तासाला ४५ जीबी, म्हणजे ७३ तासांत खलास, तीन दिवस. ३०० एमबीपीएस घेतली तर साधारण साडेचोवीस तास. तुम्ही महिन्याचे पैसे भरता आणि ज्या स्पीडचे पैसे भरता तो स्पीड पूर्ण वापरायचा म्हटलं तर एका दिवसापुरता आहे. अर्थात घरात कुणी असं चोवीस तास लाइन पिळत नाही, मान्य, पण जास्त पैसे देणाऱ्याला स्पीड तिप्पट मिळतो आणि डेटा बहुतेक ठिकाणी तेवढाच किंवा किंचित जास्त, तर मग वरचा प्लॅन घेऊन त्याने नक्की काय विकत घेतलं? मर्यादेला लवकर पोचायची सोय? फेअर युसेज म्हणजे न्याय्य वापर, आणि तीनपट किंमत देणाऱ्याचा न्याय्य वापर आणि सगळ्यात स्वस्त प्लॅनवाल्याचा न्याय्य वापर जर सारखाच असेल तर ३३०० हा आकडा कुठल्या हिशोबाने ठरवला हे कंपन्यांनी लोकांना समजावून सांगायला पाहिजे.

कंपन्यांची बाजू काय ती मी नीट मांडतो, कारण मी त्या बाजूलाही बसलोय. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फोर-के मध्ये तासाला ७ जीबीपर्यंत जातात. म्हणजे ३३०० जीबीत ४७० तास, रोज साडेपंधरा तास फोर-के सिनेमे. कुठलं घर इतकं बघतं? माझ्या ओळखीतली बहुतेक घरं महिन्याला पाच-सहाशे जीबीच्या वर जात नाहीत. तेव्हा कंपनी म्हणते की जवळजवळ सगळ्यांसाठी हे अमर्यादच आहे, थोडे लोक गैरवापर करतात, एका कनेक्शनवर आख्खी बिल्डिंग चालवतात, हॉटेल चालवतात, त्यांना रोखायला ही मर्यादा. ऐकायला बरोबर वाटतं. पण मग विचार करा, मर्यादा ओलांडणारे खरंच इतके थोडे असतील तर त्यांच्यामुळे नेटवर्कला असा काय मोठा धक्का बसणार आहे, मर्यादा काढून टाकली तरी कंपनीचं फारसं काही जाणार नाही. आणि ते थोडे नसतील, बरेच असतील, तर अनलिमिटेड हा शब्द बऱ्याच लोकांच्या बाबतीत खोटा ठरतोय. दोन्ही बाजूंनी बघितलं तरी तो शब्द जाहिरातीत राहायला कारण उरत नाही.

आणि मुख्य गोष्ट, महिन्याचे जीबी मोजून नेटवर्कवरचा ताण कमी होत नाही. हे जरा विस्ताराने सांगायला पाहिजे. तुमच्या घरातल्या फायबरच्या दुसऱ्या टोकाला, कुठल्यातरी सोसायटीच्या मीटर रूममध्ये किंवा केबलवाल्याच्या गाळ्यात, एक ओएलटी म्हणून मशीन असतं. त्याच्या एका पोर्टमधून साधारण अडीच जीबीपीएस (म्हणजे अडीच हजार एमबीपीएस) येतात आणि स्प्लिटर लावून ते ३२ घरांना, ६४ घरांना, कधी १२८ घरांनाही वाटतात. ६४ घरं धरली आणि सगळ्यांनी एकाच क्षणी पूर्ण वापरायचं म्हटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ एमबीपीएस. आणि विकलेली असते शंभर-शंभरची लाइन. यात फसवणूक नाहीये, सगळे एकाच वेळी वापरत नाहीत म्हणून हे गणित चालतं, रस्तेसुद्धा तसेच बांधतात. पण ताण येतो तो रात्री आठ ते अकरा, आयपीएलची मॅच असली की, रविवारी दुपारी पाऊस असला की. पहाटे तीनला तेच पोर्ट रिकामं पडलेलं असतं आणि रिकामं पोर्ट चालू ठेवायला कंपनीला तेवढाच खर्च येतो जेवढा भरलेलं ठेवायला येतो, वीज तीच, फायबर तेच, भाडं तेच. यूट्यूब आणि नेटफ्लिक्ससारख्यांनी तर आपले सर्व्हर मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या नेटवर्कच्या आतच बसवलेत, तुम्ही बघता तो व्हिडिओ बऱ्याचदा सातासमुद्रापलीकडून येत नाही, जवळच्याच शहरातल्या डब्यातून येतो.

मग माझ्या भावाने पहाटे तीनला चढवलेला एक जीबी आणि शेजाऱ्याने रात्री नऊला उतरवलेला एक जीबी, कंपनीच्या मीटरवर सारखेच का? पहिल्याने कुणाच्या वाट्याचं काही काढून घेतलं नाही, दुसऱ्याने घेतलं असू शकतं, आणि शिक्षा पहिल्याला. बीएसएनएलच्या त्या रात्री दोन ते आठवाल्या स्कीमला हे तेव्हाच समजलं होतं. आणि मार्च २०२० आठवा, आख्खा देश घरात बसला तेव्हा नेटवर्कवर खरंखुरं ओझं आलं, तेव्हा काय केलं? २४ मार्चला व्हिडिओ कंपन्या एकत्र बसल्या आणि मोबाइल नेटवर्कवर एचडी बंद करून काही आठवडे ४८०पी या साध्या क्वालिटीवर आणायचं ठरवलं. म्हणजे गर्दीच्या वेळी सगळ्यांनी थोडं थोडं कमी घ्यायचं. अमेरिकेत कॉमकास्टची तेव्हा घरगुती लाइनवर महिन्याला एक टीबीची मर्यादा होती, ती त्यांनी मार्च ते जून बाजूला ठेवली, आणि जुलैत परत आणली तेव्हा १.२ टीबी करून आणली. सगळ्यात कठीण चार महिन्यांत जी मर्यादा काढून ठेवता येते ती नेटवर्क वाचवण्यासाठी आहे हे मला कुणी पटवून द्यावं.

वायरलेसवाल्यांचं मी वेगळं धरतो, ते स्पष्ट करतो. २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एअरफायबर आलं, एअरटेलचं आणि जिओचं, त्यावर महिन्याला १००० जीबीची मर्यादा आहे. तिथे सिग्नल हवेतून येतो, एका टॉवरवर तुमच्या घरासकट रस्त्यावरचे सगळे मोबाइल असतात, स्पेक्ट्रम लिलावात विकत घेतलेला आणि मोजका. तिथे मर्यादा जास्त कडक असणं मला समजतं. पण म्हणूनच तिथे आकडा अजून मोठ्याने सांगायला हवा, कारण गावाकडे जिथे फायबर पोचलं नाही तिथे लोक हेच घेतायत, बसवणारा मुलगा येऊन छतावर डबा लावून जातो आणि सांगतो काका आता चिंता नाही, कितीही बघा. माझ्या मावशीच्या घरी साताऱ्याजवळ हेच झालं. तिला हजार जीबी म्हणजे काय ते कळायचं कारण नाही, तिला एवढंच कळतं की विकताना जे बोलले ते वीस तारखेनंतर खरं राहिलं नाही, कारण नातवंडं सुट्टीला आली होती आणि घरात तीन स्क्रीन दिवसभर चालू होत्या.

एक प्रश्न मला कस्टमर केअरच्या साहेबांनीही विचारला, की तुमचा भाऊ घरगुती लाइनवर धंदा करतो, त्याने बिझनेस प्लॅन घ्यावा. यावर मी दोन दिवस विचार केला कारण त्यात थोडं तथ्य आहे. पण मग घरगुती म्हणजे काय हो? आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर ताई ऑनलाइन क्लास घेतात, चौथ्या मजल्यावर एकजण परदेशातल्या कंपनीचं काम रात्री घरून करतो, एकीचं मसाल्याचं दुकान आख्खं व्हॉट्सअॅपवर चालतं, आणि आयटीवाल्यांचं तर विचारूच नका, लॉकडाउनपासून कंपनीने ऑफिसच घरात आणून ठेवलंय. आपल्याकडे पापड घरात लाटले जातात, ब्लाउज घरात शिवले जातात, घर आणि कारखाना यांच्यामध्ये भिंत कधीच नव्हती. जाहिरातीत घरून काम करणारी हसरी बाई दाखवायची आणि वापर वाढला की तिला धंदेवाईक म्हणायचं, हे चालणार नाही. तरीही कंपनीला धंद्याचा वेगळा दर लावायचा असेल तर लावावा, पण तो किती जीबीच्या पुढे लागतो ते विकतानाच सांगावं.

आता कायद्याकडे येतो. ट्रायचा ५१२ केबीपीएसचा तळ २०१६ चा आहे आणि तेव्हा सरकारच्या व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजेच ५१२ केबीपीएस होतं, २०१३ पासून. त्याच्या आधी २५६ होतं. जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार खात्याने ती व्याख्या बदलून २ एमबीपीएस केली. म्हणजे आज आमच्या घरी मर्यादेनंतर जे एक एमबीपीएस येतं त्याला सरकारच्याच व्याख्येने ब्रॉडबँड म्हणता येत नाही, पण बिल पूर्ण महिन्याच्या ब्रॉडबँडचं. तळ व्याख्येला बांधलेला असला पाहिजे, व्याख्या वर गेली की तळ आपोआप वर. आणि मी म्हणेन की २ सुद्धा कमी आहे, विकलेल्या स्पीडच्या निदान पाव हिस्सा तरी शेवटपर्यंत राहिला पाहिजे, मर्यादा संपलेल्या माणसाने त्या महिन्याचं भाडं भरलेलं असतं.

जाहिरातीचं तर सरळ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ ला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नियम आणले. त्यात लिहिलंय की खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, दाव्याच्याच फॉन्टमध्ये हवा, ठळक दिसेल अशा जागी हवा, आणि खुलाशाने महत्त्वाची माहिती लपवता येणार नाही. आमच्या लिफ्टमध्ये कंपनीचं पत्रक चिकटवलेलं होतं, मी फूटपट्टी घेऊन गेलो. अनलिमिटेड हा शब्द देवनागरीत, अक्षरं चार सेंटिमीटर उंच. त्याच्या डोक्यावर एक चांदणी. पत्रकाच्या तळाशी त्या चांदणीची ओळ, इंग्रजीत, दोन मिलिमीटर, राखाडी रंगात, आणि तिथेही आकडा नाही, पॉलिसी लागू एवढंच. लिफ्टमध्ये उजेड कमी, आमच्या मजल्यावरच्या आजोबांना तर चष्मा लावूनही ती ओळ वाचता आली नाही. त्यांनीही हाच प्लॅन घेतलाय.

अमेरिकेत हाच वाद मोबाइलच्या बाबतीत झाला होता, तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये एटी अँड टीवर दावा लावला की अनलिमिटेड म्हणून विकता आणि नंतर स्पीड पाडता, २०१९ मध्ये कंपनीने ६ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं आणि स्पीडवर बंधन असेल तर ते बारीक अक्षरात न लपवता ठळक सांगायचं बंधनही आलं. पाच वर्षं लागली पण झालं.

अजून एक गोष्ट मला टोचते ती मीटरची. पेट्रोल पंपावर वैधमापनवाले येऊन माप तपासतात, सील मारतात, शंका आली तर पाच लिटरचं भांडं मागून आपल्यासमोर मोजून घेता येतं. महावितरणचं मीटर दाराबाहेर असतं, रीडिंगचा फोटो बिलावर छापून येतो, शंभर युनिटपर्यंत काय दर आणि पुढे काय दर ते बिलाच्या मागे वाचता येतं, आणि महावितरण काही आपली वीज अनलिमिटेड आहे म्हणत नाही. इंटरनेटचं मीटर मात्र कंपनीच्याच सर्व्हरवर, तेच मोजणार आणि तेच सांगणार. आमच्या बाबतीत अॅपमध्ये वापराचा आकडा शोधायला चार स्क्रीन आत जावं लागलं आणि तो रोजचा न देता महिन्याची एकच बेरीज होती. कुठल्या दिवशी किती गेलं ते नाही. अलर्ट कुठे आला म्हणून बघितलं तर भावाच्या जुन्या मेलवर, जो तो उघडतच नाही, आणि मेसेज एकही नाही. माझा अंदाज असा की त्यांचा आकडा बरोबरच असेल, आमचा वापर खरंच झाला होता. पण बरोबर आहे हे मला तपासता यायला हवं, विश्वास ठेवा म्हणून भागत नाही.

म्हणून मला हवं ते असं. प्लॅनचं नावच आकड्यावरून असावं, १०० एमबीपीएस ३३०० जीबी, बस. रात्री बारा ते सकाळी सहाचा वापर मोजू नये, त्याने कुणाचं काही अडत नाही आणि माझ्या भावासारखे लोक आपोआप त्या वेळेकडे वळतील, गर्दीच्या वेळी शेजाऱ्यालाही मोकळं मिळेल. मर्यादा संपली तर चालू दरात पुढचे शंभर जीबी विकत घ्यायची सोय फोनवरून पाच मिनिटांत हवी, आम्ही त्या रात्री हसत पैसे भरले असते, एसटीचं तिकीट आणि दोन रात्रींची झोप त्याहून महाग पडली. आणि यातलं काहीच करायचं नसेल, मोजायचंच नसेल, तर खुशाल अनलिमिटेड म्हणा, मग मी स्वतः चार लोकांना तोच प्लॅन घ्यायला सांगेन.

कंप्लेंट कशी करायची ते बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो. आधी कंपनीकडे तक्रार आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, तो घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे, त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्राय एकेकट्याच्या तक्रारी घेत नाही, तिथे वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाने टेलिफोनच्या तक्रारी तिथे नेता येत नाहीत असं झालं होतं, पण १६ फेब्रुवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टानेच खाजगी कंपनीच्या प्रकरणात सांगितलं की नेता येतात. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि दोन वर्षांच्या आत जायचं असतं.

आम्ही अपील केलं होतं. उत्तर तीन ओळींचं आलं, आपला वापर निर्धारित मर्यादेपेक्षा जास्त झाला असल्याने स्पीड कमी करण्यात आला, धोरणानुसार योग्य. मी विचारलं होतं की ही मर्यादा पत्रकावर का नाही, त्याचं उत्तर त्यात नाही. आता फाइल आयोगासाठी तयार करतोय, त्यात तीन महिन्यांची बिलं, स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट, भावाचं स्वारगेट ते कोल्हापूरचं तिकीट, आणि लिफ्टमधल्या पत्रकाचा फूटपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो आहे. आजोबा म्हणाले माझंही नाव घाल. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त परत सुरू होतात, भावाकडे डिसेंबरपर्यंत सात लग्नं बुक आहेत.